त्यांची सावली

डोंबिवली पूर्व,
२ एप्रिल २०२४

प्रिय मारुतीमामा,

काल तुझ्याशी फोनवर बोलताना मी इतकी ओरडत होते, की शेजारच्या काकू "घरात काही झालंय का?" म्हणून विचारायला आल्या. मी विचारत होते शेड आणि शॅडोबद्दल, आणि तू सांगत होतास की शेवग्याच्या शेंगा यंदा कडू निघाल्या. तेव्हा हात जोडते, आणि लहानपणासारखी पत्राला बसते. तुला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं, आणि चुका तर तुला अंधारातसुद्धा दिसतात.

काम असं आहे. मराठी शाळांतल्या मुलांसाठी मी इंग्रजीतल्या शब्दजोड्यांचं छोटं पुस्तक करते आहे. हिअर आणि लिसन, बॉरो आणि लेंड, हाउस आणि होम अशा साठ जोड्या. तू चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंस, वर भाषांतरं केलीस, तेव्हा तुझ्याच डोळ्यांखालून घालायच्या असं मी प्रकाशकाला सांगून टाकलंय. यादी सोबत आहे. अडले आहे ती क्रमांक एक्केचाळीसवर. शेड आणि शॅडो. आपल्याकडे दोन्हीला सावलीच. त्यात आमची पोरं शेड म्हटलं की पत्र्याची शेड समजतात. चार ओळी लिहून दे ना.

तुझ्या अंगणातला बदाम सोसायटीने तोडला असं आई म्हणाली. उन्हाळाभर भाजून निघशील. दादाला इकडे घेऊन ये, असं तिचं रोजचं पालुपद आहे. विचार कर.

तुझी
संचिता


कोपरी, ठाणे पूर्व,
८ एप्रिल २०२४

चि. संचितास मारुतीमामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र लाल शाई लावून परत पाठवतो आहे. एकूण सात चुका. पाच ऱ्हस्व-दीर्घाच्या, दोन स्वभावाच्या. 'करून टाकलंय', 'सांगून टाकलंय' हे तुझं जुनं दुखणं. आधी करायचं आणि मग मामाला विचारायचं.

यादी तपासली. एकोणसाठ जोड्यांवर टिपणं लिहिली आहेत. बॉरो आणि लेंडचं तुझं उदाहरण चांगलं आहे. हाउस आणि होमवर रडवेलं लिहू नकोस, मुलांना परीक्षेत तीनच ओळी लिहायच्या असतात.

क्रमांक एक्केचाळीस गाळ. एकोणसाठ जोड्यांनी कुणी नापास होत नाही.

बदामाचं म्हणशील तर फेब्रुवारीत तोडला. मुळं उपटली, वर फरश्या बसवल्या. मी तळमजल्याचा माणूस, माझं अंगण म्हणजे चार पावलांची जागा, त्यात आता लपायला काही उरलेलं नाही. तरी भाजून निघेन असं तुम्हा मायलेकींना वाटतंय, ते चूक आहे. गंमत सांगतो. झाड गेलं, पण सावली गेली नाही. जिथे बदामाची पडायची तिथे रोज दुपारी पडते. धुणं वाळत नाही. मोलकरीण नीला म्हणते, काका, या कोपऱ्यात घालू नका, कपड्यांना वास येतो. कसला विचारलं, तर म्हणाली, खाडीचा.

वयपरत्वे डोळे फसवतात. नीलाचं नाक का फसवतं ते कळत नाही.

तुझा
मारुतीमामा


डोंबिवली पूर्व,
१३ एप्रिल २०२४

प्रिय मामा,

लाल शाई पोचली. नवरा म्हणाला, या वयात तुला कुणी तरी मार्क कापणारं आहे याचा मला आनंद आहे.

पण एक्केचाळीस गाळ म्हणजे काय? शाळेत असताना मी एक शब्द सोडला तर तू मला अख्खा धडा परत लिहायला लावायचास. आणि आता स्वतः सोडतोस? हे तुझं नव्हे. म्हणून मीच लिहिलंय, बघ:

"शेड म्हणजे ऊन न पोचणारी जागा. आपण शेडमध्ये बसतो. तिला कडा नसते, आकार नसतो. शॅडो म्हणजे कुणाच्या तरी अंगामुळे पडलेला आकार. तिला डोकं असतं, हात असतात. शॅडो आपल्यामागे चालते, शेड आहे तिथेच राहते."

बरं आहे की नाही? शोधता शोधता एक मजा सापडली. जुन्या इंग्रजीत शेडचा आणखी एक अर्थ आहे, मेलेल्या माणसाचं उरलेलं रूप. म्हणजे तुझ्या अंगणात बदामाचं भूत आहे! नीलाला सांगू नकोस, काम सोडून जाईल.

खरं कारण मी सांगते. तुमच्या मागच्या गल्लीत कुठली तरी इमारत चढत असेल, तिचा आडोसा येत असेल. ठाण्यात आता ऊनसुद्धा बिल्डरला विचारून पडतं. वास गटाराचा.

आता सांग, एक्केचाळीसवर एवढा राग का?

संचिता


कोपरी,
२० एप्रिल २०२४

चि. संचिता,

तू लिहिलेल्या चार ओळी बरोबर आहेत. मला त्या अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुणी वाचून दाखवल्या असत्या तर बरं झालं असतं. खरं तर दाखवायची गरज नव्हती. मला माहीतच होत्या.

विचारलंस म्हणून लिहितो. तुझ्या मामीलाही हे कधी सांगितलं नाही.

मे १९९६. वैशाख अमावास्या आली होती. मी घरी पेपर तपासत होतो. सकाळी दहाच्या सुमारास शोधपथकाचा एक शिपाई कागद घेऊन आला, मागे कोळीवाड्यातली मालू. तिच्या नवऱ्याची, धाकूची, होडी पहाटे खाडीत उलटली होती. रिकामी होडी पलीकडच्या तीराला लागली, म्हणून सगळा कोळीवाडा तिकडे शोधत होता. मालू एकटी अलीकडच्या बांधावर उभी राहिली, आणि तिला काही तरी दिसलं. लाँच पथकाच्या साहेबाकडे होती. साहेब परमुलखातला, त्याला मराठी येत नव्हतं, आणि चिखलात लाँच घालायची तर त्याला जबानी इंग्रजीत हवी होती. कुणी तरी तिची जबानी मराठीत लिहून घेतली होती. ती अशी:

"अलीकडच्या खाजणातील चिखलात तिवरांची झाडे आहेत. तेथे त्यांची सावली दिसली. हालत होती."

आता तू सांग, 'त्यांची' म्हणजे कुणाची?

मालू नवऱ्याचं नाव घेत नसे. त्या पिढीतली कुठलीच बाई घेत नसे. तुझी मामी तरी कुठे घ्यायची? ती 'त्यांची' म्हणाली, लिहिणाऱ्याने तसंच लिहिलं. मी वाचलं, त्यांची म्हणजे तिवरांची. मराठीत दोघांना एकच शब्द पुरतो. इंग्रजीत 'हिज' की 'देअर' ते ठरवावं लागतं. मी 'देअर' ठरवलं.

तरी मी आधी 'देअर शॅडो' लिहिलं होतं. तेवढं राहिलं असतं तरी साहेबाने कदाचित विचारलं असतं, कुणाची शॅडो? पण माझ्यातला मास्तर जागा झाला. झाडाची शॅडो काय म्हणतोस, झाडाची शेड असते. हातात पेपर तपासायची लाल शाईच होती. शॅडो खोडलं, शेड केलं. झाडांची सावली वाऱ्याने हलते, त्यात काय पाहायचं? साहेबाने लाँच पलीकडे नेली. दुपारी एकला भरती आली, अमावास्येचं उधाण.

मालू दारात उभी होती, संचिता. चार पावलांवर. "कुणाची गं?" एवढं विचारायला अर्धा क्षण लागला असता. तुझ्या मामीने, विमलने, पानं वाढली होती, आणि मला साठ पेपर संपवायचे होते.

धाकू मिळाला नाही. आठवड्याने अलीकडच्या तिवरात त्याचा लाल रुमाल मिळाला, फांदीला बांधलेला. मालू म्हणाली, गाठ आहे, गाठ पाणी मारत नाही. लोक म्हणाले, बाईला वेड लागलं, हिच्याच जबानीत लिहिलंय की झाडाची सावली होती. तेव्हापासून ती कोळीवाड्यात येडी मालू आहे. हातातला हिरवा चुडा तिने उतरवला नाही. बाजारात भेटली की विचारते, "मास्तर, कागदावर काय लिवलेलास?" मी दरवेळी म्हणतो, जुनी गोष्ट आहे, आठवत नाही.

त्या कागदाची कच्ची प्रत माझ्या ट्रंकेत आहे.

अंगणातल्या सावलीबद्दल. मागच्या गल्लीत कुठलीही इमारत चढत नाही, मी जाऊन पाहिलं. आणि गेल्या आठवड्यापासून तिला कडा आली आहे.

मारुतीमामा


डोंबिवली पूर्व,
२९ एप्रिल २०२४

प्रिय मामा,

काल रविवारी तुझ्याकडे येऊन गेले, तरी हे लिहितेच आहे, कारण तुझ्यासमोर बोलले ते तुला अर्धंच ऐकू गेलं, आणि उरलेलं अर्धं मी बोललेच नाही.

आधी अंगणाचं. तू आत चहा टाकत होतास तेव्हा मी कोपऱ्यात उभी राहून नीट पाहिलं. मला काही दिसलं नाही. फरशी ओलसर आहे, खालून पाणी झिरपत असेल, त्यामुळे ती काळपट दिसते. प्लंबर बोलाव. नवऱ्याच्या ओळखीचा आहे एक, तो पाठवते.

आता मालूचं. तू काल म्हणालास, तिला जाऊन सगळं सांगायचं. मामा, ती चौऱ्याहत्तर वर्षांची, तू एक्याऐंशीचा. सांगून तिच्या पदरात काय टाकणार आहेस? नवरा तीन तास जिवंत होता, झाडाला धरून होता, आणि कुणी आलं नाही, एवढंच ना? ज्या जखमेवर खपली धरली आहे ती कशाला काढायची? तुझं मन हलकं होईल, तिचं जड होईल. हा कुठला न्याय? तू मुद्दाम केलं नाहीस. भाषांतरात चूक कुणाच्या हातून होत नाही?

एक्केचाळीस मी गाळते. तू जिंकलास. आणि सामान बांध, पुढच्या आठवड्यात तुला न्यायला येते. आईने खोली आवरून ठेवली आहे.

तुझी
संचिता


कोपरी,
७ मे २०२४

चि. संचिता,

प्लंबर आला होता. सगळ्या फरश्या ठोकून पाहिल्या. खाली कोरडं ठणठणीत आहे. जाताना म्हणाला, काका, तुम्ही खाडीच्या पाण्याने अंगण धुता का? मीठ बसलंय.

सामान बांधलेलं नाही. सांगतो का.

मी रोज दुपारी बारा वाजता खुर्ची टाकून पाहत बसतो. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काम काय. आता तो माणूस आहे हे उघड दिसतं. फरशीवर आडवा पडतो. डोकं भिंतीकडे, एक हात वर, काही तरी धरल्यासारखा. पण तो रोज सारखा नसतो. कधी पायांपर्यंत अख्खा दिसतो, कधी कंबरेपासून वर, कधी नुसती मान आणि हात. खालचं कापल्यासारखं नाहीसं होतं. मला वाटलं उन्हाचा खेळ. मग भिंतीवरच्या पंचांगात रोजची खूण करायला लागलो, आणि पंधरा दिवसांनी खुणा पाहिल्या. अष्टमीला अख्खा. एकादशीला गुडघ्यांच्या वर. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गळ्यापर्यंत काही नाही. पौर्णिमेला फक्त पंजा. मग पुन्हा उतरत उतरत अष्टमीला अख्खा.

कोळीवाड्यात पोराटोरांनाही हे गणित येतं. अष्टमीला दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी भरती.

उद्या अमावास्या आहे. आज गळ्यापर्यंत आलं आहे.

तू लिहिलंस, तिच्या पदरात काय पडेल? मीही अठ्ठावीस वर्षं हेच म्हणत आलो, तेव्हा तुला दोष देत नाही. पण मालू आजारी आहे. तिची नात समिधा परवा घरी आली होती. चुणचुणीत मुलगी, डोंबिवलीच्या एका दवाखान्यात परिचारिका आहे. म्हणाली, "आजोबा, आजी रोज एकच विचारते. मी तेव्हा काय बघितलं? झाडाची सावली का त्यांची? सगळे बोलतात तशी मी येडी हाय का? तुम्हाला माहीत असेल तर सांगून टाका ना तिला. तिचे जास्त दिवस नाहीयेत." मी तिला खोबऱ्याची वडी दिली आणि म्हणालो, येईन.

दोनदा गेलो. दोन्ही वेळा गल्लीच्या तोंडाशी चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून परत फिरलो. चपलेला अंगठाच नाही, सँडल आहे. एवढा भित्रा माणूस चाळीस वर्षं पोरांना ताठ बसायला सांगत होता.

म्हणून एक ठरवलं आहे. सोळा मेला ठाण्यात शून्य सावली. दुपारी बारा पस्तीसला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली पायाखाली जाते. पेपरात दरवर्षी येतं, मुलं रस्त्यात बाटल्या उभ्या करून पाहतात. इंग्रजीत त्याला झीरो शॅडो डे म्हणतात, झीरो शेड कुणी म्हणत नाही. बघ, तुझी जोडी कुठे येऊन बसली. त्या मिनिटाला माझं उघडं अंगण कोरं असायला हवं. कोरं झालं तर माझे डोळे खोटे, आणि मी गप्प तुझ्याकडे राहायला येईन. नाही झालं तर मालूकडे जाईन.

मारुतीमामा


डोंबिवली पूर्व,
११ मे २०२४

मामा,

मी खोटं बोलले.

त्या रविवारी मला दिसलं होतं. पाऊण वाजला होता. तू आत कप विसळत होतास. कंबरेपासून वरचा माणूस, हात वर. मी म्हटलं, माझीच सावली. मी हात खाली धरले. त्याचा वरच राहिला. मग मी, मूर्खासारखी, त्याच्यावर पाय ठेवला. मामा, पाय आत गेला नाही, पण चप्पल ओली झाली. घोट्यापर्यंत गार लागलं. डोंबिवलीला येईपर्यंत चपलेवर पांढरी मिठाची रेघ उमटली होती. ती मी घासून धुतली आणि तुला प्लंबरचं लिहिलं.

मी का खोटं बोलले ते सांगते. तू मला पहिला शब्द शिकवलास. तुझी एवढी मोठी चूक मला नको होती. मालूचा विचार वगैरे काही नव्हता, मला माझा मामा जसाच्या तसा हवा होता.

आता ऐक. सोळा तारखेची वाट पाहू नकोस. ही परीक्षा त्याची नाही, तुझी आहे, आणि तू पेपर कोरा देण्याचं निमित्त शोधतो आहेस. तुझ्याच भाषेत लिहिलंय. मालूकडे जा. मी सोबत येते म्हटलं असतं, पण हे तुला एकट्यालाच करायला हवं असं वाटतं. तिला आधी विचार, मग सांग. तेव्हा विचारलं नव्हतंस ते.

संचिता


कोपरी,
१८ मे २०२४

चि. संचिता,

या पत्रात चुका असतील. या वेळी लाल शाई तू लाव.

तुझं पत्र पंधराला मिळालं. सोळाला सकाळी ट्रंकेतली प्रत खिशात घातली आणि गेलो. या वेळी सँडलचं काही बिघडलं नाही.

मालू खाटेवर होती. चुडा मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होता, एवढी वाळली आहे. मी बसलो आणि विचारलं, "मालू, तेव्हा कुणाची सावली पाहिलीस?"

ती म्हणाली, "मास्तर, तवापासून अठ्ठावीस वर्सांत कुनी इचारला नाय."

मग मी सगळं सांगितलं. त्यांची, देअर, शॅडो, शेड. कागद दाखवला, लाल काट दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिने त्या लाल रेघेवर बोट फिरवलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, शाप देईल. मी त्यासाठीच गेलो होतो, खरं सांगायचं तर. ती म्हणाली, "म्हंजे मी येडी नव्हते."

"नाही," मी म्हणालो. "तू बरोबर होतीस. मी चुकलो. तो होता तिथे."

रडलो मी. ती नाही. म्हणाली, "तुजाच एकट्याचा नाय, मास्तर. त्या शिपायानं मना इचारला व्हता, बाई, कुनाची सावली, नाव सांग. माज्या तोंडातून नाव नाय निंगाला. नवऱ्याचा नाव घेतला तं त्याचा आयुक्स कमी व्हतं, आई सांगायची. म्हनून बोलले, त्यांची."

मग मी अंगणाचं सांगितलं. वेडा म्हणाली तर म्हणो. ती उठून बसली आणि समिधाला म्हणाली, "रिक्शा आन."

बारा वीसला आम्ही तिघं माझ्या अंगणात होतो. अष्टमी होती. तो अख्खा होता, डोक्यापासून पायांपर्यंत. समिधाने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतो आहे. मालू भ्यायली नाही. फरशीवर बसली, त्याच्या डोक्याजवळ. आमच्या तिघांच्या सावल्या पायांशी गोळा होत होत्या. तुळशीच्या कुंडीची गेली, बादलीची गेली. बारा पस्तीसला अंगणात एकच सावली उरली, आणि ती ज्याची होती तो अंगणात नव्हता.

मालू वाकली आणि म्हणाली, "धाकू."

आयुष्यात पहिल्यांदा. मोठ्याने नाही, घरात कुणाला उठवताना म्हणावं तसं. "धाकू, सोड आता. मी बघितला तुला."

वरचा हात खाली आला, संचिता. सावकाश, दमलेल्या माणसाचा यावा तसा. मग कडा विरघळली, मग सगळंच. पाच मिनिटांनी कुंडीची सावली पुन्हा बाजूला सरकली, बादलीचीही. त्या कोपऱ्यात स्वच्छ ऊन होतं. फरशी इतकी तापली की मालूला उठवावं लागलं. तिने चुडा उतरवला आणि पदरात बांधला. जाताना म्हणाली, "तुजा काय ऱ्हायला नाय माज्याकडं, मास्तर." तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझं धोतर अर्ध्या तासात वाळलं.

तेव्हा क्रमांक एक्केचाळीस गाळू नकोस. तुझ्या चार ओळी ठेव, खाली माझी एक घाल: "शेड कुणाचीही नसते. शॅडो कुणाची तरी असते. लिहिण्याआधी विचारावे, कुणाची."

तुझा
मारुतीमामा

ता. क. आज सकाळी अंगणात उभा होतो. माझ्या सावलीला पाऊल नाही. घोट्यापासून सुरू होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो.


कोपरी,
२२ मे २०२४, सकाळ

संचिता,

हे समिधाच्या हाती देतो आहे. ती दवाखान्यात जाताना तुझ्या घरी टाकेल. टपालाला वेळ नाही.

डोळे चांगले आहेत. परवा सावली गुडघ्यापर्यंत नव्हती. काल कंबरेपर्यंत. आज छातीच्या खाली काही नाही, फरशीवर नुसते खांदे आणि डोकं पडतं, आणि माझा हात मी खाली धरला तरी तिचा वर आहे. पाय गार पडले आहेत, पायजम्याच्या कडांना मीठ धरलं आहे. मालूने सोडलं मला. तिच्याकडे काही राहिलं नाही हे खरंच आहे. पण खाडीची त्या दिवसाची जबानी माझ्या चुकीने अर्धी राहिली, ती खाडीला पुरी करून हवी असावी, धाकूच्या जागी मला घेऊन. तक्रार नाही. चूक दुरुस्त केली म्हणजे मार्क परत मिळतात असं मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

उद्या पौर्णिमा. दुपारी एकला उधाण.

मालूने काय केलं ते मी पाहिलं आहे, म्हणून सुटायला काय लागतं ते मला माहीत आहे. पण रात्रभर आठवून पाहिलं, माझं नाव घेणारं कुणी उरलेलं नाही. आईवडील गेले. तुझी आई दादा म्हणते. शाळा सर म्हणायची, कोळीवाडा मास्तर. विमल नाव घ्यायची ती फक्त उखाण्यात, आणि तेही लाजून अर्धं गिळून. नीला काका, समिधा आजोबा, तूही नावाला मामा जोडतेस. मालूला विचारलं असतं, पण काल रात्रीपासून ती बोलत नाही.

तू ये. उद्या एकच्या आत ये. अंगणात ये आणि फरशीकडे बघ, माझ्याकडे नको. मामा म्हणू नकोस, मामा कुणाचाही असतो. मोठ्यांना नावाने हाक मारू नये असं तुला मीच शिकवलं होतं. ती ओळ मी आज खोडली आहे.

मारुती